उत्तर आलं की ताट

रविवारचं जेवण आमच्या घरात कुणालाही आयतं मिळत नाही. नियम माझाच. तेरा वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला, मग घोकंपट्टीवरून मुख्याध्यापिकांशी वाजलं आणि राजीनामा टाकून दोन्ही मुलींना घरीच शिकवायला लागले. दर आठवड्याला एक देश. सोमवारी नकाशा, मग डोंगर, नद्या, पिकं, आणि रविवारी त्या देशाचं जेवण. तांदूळ धुताना पाऊसमान समजावायचं, मासळी साफ करताना किनारपट्टी. शेवटी ताटं वाढून ओट्यावर ठेवायची आणि प्रत्येकाला तीन प्रश्न विचारायचे. उत्तर आलं की ताट. नाही आलं तर पुस्तकात शोधायचं, तोवर उपाशी. नवऱ्यालाही सूट नाही. एका राजधानीपायी बिचाऱ्याचं सूप थंडगार झालं होतं, आणि ही गोष्ट मी भेटेल त्याला हसत हसत सांगायची. फार टेंभा मिरवला मी या पद्धतीचा.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर शिंपीकाकांचं दुकान आहे. काका सत्तरीचे. आठव्या वर्षी मामाबरोबर एका डोंगराळ देशातून इकडे आले आणि आल्या आल्या मशीनवर बसले. माझी थोरली अकरा वर्षांची आहे. दुपारचा अभ्यास आटोपला की त्यांच्याकडे काजं करायला शिकते. तीच म्हणाली, "आई, या वेळी काकांचा देश घेऊ. आणि त्यांनाच जेवायला बोलवू."

मला कल्पना भारी आवडली. खरं सांगायचं तर काकांना जेवू घालण्यापेक्षा त्यांना माझी पद्धत दाखवायची हौस जास्त होती.

त्या रविवारी नवरा कामावर होता. काका इस्त्रीचा शर्ट घालून, केस ओले करून चापून बसवून आले. आम्ही बार्लीच्या पिठाच्या पाऱ्यांमध्ये खिमा भरत होतो. ते बघून काका हात धुऊन सरळ आमच्यात येऊन बसले.

"कड अशी मोडायची, बाई," ते म्हणाले. "वाफ बाहेर गेली तर आतला रस गेला." त्यांच्या बोटांतून एकसारख्या पुरचुंड्या पडायला लागल्या. "आमच्या गावाला गहू धरायचाच नाही. उंची फार. म्हणून ही बार्ली. आणि वारा असा, की आई दार लावूनच पीठ मळायची."

"छान हं काका, पण ते नंतर," मी म्हटलं. "आधी प्रश्न."

जे आठवडाभर मी मुलींच्या डोक्यात भरवत होते, ते हा माणूस हातानं करून दाखवत होता, आणि मी त्याला गप्प केलं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

प्रश्न विचारायचं काम धाकटीकडे होतं. ती सात वर्षांची, पण विचारते हुबेहूब माझ्या आवाजात. थोरलीला ताट मिळालं. मग काकांची पाळी. पाहुणे म्हणून त्यांचं ताट तेवढं आधीच त्यांच्यापुढे मांडलं होतं.

"सर्वांत उंच शिखर किती मीटर?"

काका हसले. "उंच आहे खूप. ढगातच असतं."

"मीटर सांगा. बरं, शेजारी देश किती?"

"आमच्या गावापलीकडे एक होता."

"चूक. पाच. सर्वांत लांब नदी कुठली?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग हातांकडे पाहिलं. बोटांना पीठ लागलेलं होतं. "गावातल्या नदीला आम्ही नदीच म्हणायचो," ते म्हणाले.

धाकटीनं त्यांच्यापुढचं ताट उचललं आणि ओट्यावर नेऊन ठेवलं.

मी त्या वेळी उठून ते ताट परत आणायला हवं होतं. एवढंच करायचं होतं. पण नियम मोडला तर मुली शेफारतील, असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं, आणि मी गोड आवाजात म्हणाले, "थांबा काका, तुम्हाला एक सोपा विचारते."

काका उठले. "नको बाई. नियम म्हणजे नियम. मी शाळा पाहिलीच नाही, त्याला तुम्ही काय करणार?" रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बोटांचं पीठ धुतलं, धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला आणि एका पँटची शिलाई राहिलीय म्हणून निघून गेले. दुकान रविवारी बंद असतं.

थोरलीनं जेवणाला हात लावला नाही. म्हणाली, "आई, आपल्या गावाजवळची नदी किती किलोमीटर लांब आहे?"

मला आलं नाही. ताट मात्र माझ्यापुढे होतं.

"तू त्यांची माफी मागशील ना?" तिनं विचारलं. मी म्हटलं, मागेन. माझं चुकलं असं मी मुलींसमोर आजवर कधी म्हटलेलं नाही. शाळेत फळ्यावर चुकीचं लिहिलं तरी 'तुमचं लक्ष आहे का ते पाहत होते' म्हणून वेळ मारून नेणारी मी. चार दिवस मागच्या जिन्यानं ये-जा केली. दुकानातल्या मशीनचा आवाज आला की मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. थोरली नुसती बघायची.

शुक्रवारी पुन्हा पीठ मळलं. या खेपेला कडा काकांनी दाखवल्या तशा मोडल्या. डबा भरला, थोरलीला बरोबर घेतलं आणि खाली गेले. काय म्हणायचं ते जिन्यात तीनदा म्हणून पाहिलं. काका, माझं चुकलं. तीन शब्द.

दुकानात एक बाई पडद्यांचं माप देत उभी होती. मला पाहताच काकांनी मशीन थांबवलं, गळ्यातली टेप काढून ठेवली आणि उभे राहिले. कापायच्या टेबलावर थोरलीचा जुना नकाशासंग्रह उघडा होता. तो त्यांनी तिच्याकडून कधी मागून घेतला, मला ठाऊक नाही.

"काका," मी म्हटलं.

"थांबा बाई, आधी ऐकून घ्या." त्यांनी हात पाठीमागे बांधले आणि समोरच्या भिंतीकडे पाहत सुरुवात केली. शिखराची उंची, मीटरमध्ये. पाचही शेजारी, दिशांसकट. एका नावाशी अडखळले, डोळे मिटून पुटपुटले, पुन्हा पहिल्यापासून म्हटलं आणि ते नाव बरोबर पकडलं. नदी. तिची लांबी. ती कुठून निघते आणि कुठे मिळते. कपाळावर घाम आला होता. पडदेवाली बाई माप विसरून त्यांच्याकडे बघत होती.

संपलं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरोबर आलं?"

थोरलीनं माझा हात घट्ट दाबला. मला आता बोलायचं होतं, तीन शब्द, आणि माझ्या तोंडून निघालं, "शाब्बास!"

माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला मी शाब्बास म्हटलं. आणि काका खुलले. तेच मला सहन होईना. त्यांनी दोन्ही हात पुढे करून डबा घेतला, तिथेच स्टुलावर बसून झाकण उघडलं आणि पहिला घास घेण्याआधी विचारलं, "पुढच्या रविवारी कुठला देश, बाई? आत्ताच सांगून ठेवा. या वयात पाठ व्हायला वेळ लागतो."

थोरलीनं माझा हात सोडला.