फोटोवरून जावई

अक्षयशी लग्न जमावं म्हणून सोनियाने बापाला एकच थाप मारली होती, पण त्या एका थापेने अक्षयच्या नाकी नऊ आले. "पप्पा, अक्षयला सिनेमाचं जाम वेड आहे," असं ती बोलून बसली. खरं तर थिएटरातले दिवे मालवले की अक्षय पाच मिनिटांत घोरायला लागायचा. उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या कारखान्यात तो सोफे बनवायचा. दिवसभर स्पंज कापून आलेल्या माणसाला अंधार आणि गार हवा मिळाली, तर तो दुसरं काय करणार?

पण हे सोनियाच्या बापाला, हरिचंद्रकाकांना कोण सांगणार? बदलापुरात मांजर्लीला त्यांच्या घरी दर रविवारी सकाळी सिनेमावेड्यांची बैठक बसे. टीव्हीवर सिनेमातला एकच फोटो लावायचा, दहा आकडे मोजायचे आणि तेवढ्यात सिनेमा ओळखायचा. अकरा वर्षांत काका एकदाही चुकले नव्हते, आणि त्याचा त्यांना केवढा ताठा! जावई निवडायलाही त्यांनी हीच परीक्षा ठेवली. तीन फोटोंपैकी एक जरी ओळखला तर पोरगी देणार, नाहीतर पोहे खाऊन घरी जा.

परीक्षेच्या रविवारी अक्षय नवा शर्ट घालून, घामाघूम होऊन बसला होता. एकेक फोटो घेऊन काकांचे दोस्त बबनराव आणि शेजारच्या वेणूबाई हजर होत्याच. वेणूबाईंच्या फोटोत एक माणूस छत्री मिटून पावसात रडत होता. दहा आकडे झाले, अक्षय नुसता छत्रीकडे बघत राहिला. मग काकांनी आपला फोटो लावला. त्यात जिन्यावर घोडा उभा होता.

"घोडा," अक्षय म्हणाला.

"घोडा मलाही दिसतोय रे! सिनेमा सांग!"

स्वयंपाकघराच्या दारातून सोनिया डोळे वटारून बघत होती. आता उरला बबनरावांचा फोटो. एक दिवाणखाना, पाठमोरी बाई आणि मरून रंगाचा सोफा. काकासुद्धा चष्मा सावरत पुढे सरकले.

अक्षय ताडकन उठला. "हा सोफा मी बनवलाय! डावा हात बघा, थोडा बसलाय. तिथे स्पंज कमी पडला म्हणून मी गोणपाट कोंबलं होतं!"

"सिनेमा बोल," बबनराव म्हणाले. "सात... आठ..."

नाव त्याला कुठलं ठाऊक! शूटिंगला भाड्याने सामान जायचं तेव्हा शेठच्या चिठ्ठीवर सिनेमाचं नाव नसायचंच, नुसता नंबर असायचा. बुडत्याला काडीचा आधार म्हणून त्याने या सोफ्याच्या चिठ्ठीवरचा नंबरच ठोकून दिला. "प्रॉडक्शन नंबर सात!"

काका खो खो हसले. "हे काय सिनेमाचं नाव झालं?"

बबनरावांचा चेहरा मात्र पडला. "बरोबर आहे त्याचं. माझा मेहुणा त्या शूटिंगला लाइटमन होता. पिक्चर अर्ध्यात बंद पडला, नाव ठेवलंच नाही, नुसता हा नंबरच राहिला. हरिचंद्र, तुला हरवायला आणला होता रे हा फोटो. तू ओळखलास का, सांग."

काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. वेणूबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

अक्षयने इथे शहाण्यासारखं खाली बसायचं होतं. पण त्याला राहवेना.

"काका, खोटं कशाला बोलू? मला सिनेमातलं काही कळत नाही. झोप येते."

सोनियाने कपाळावर हात मारला.

काका टीव्हीच्या आणखी जवळ सरकले. मग हळूच म्हणाले, "या सोफ्यावर कोण बसलं होतं रे?"

"हिरॉइन. तिच्या आधी मी. स्प्रिंग तपासायला."

"चाळीस वर्षं पडद्याकडे बघतोय मी," काका म्हणाले. "पडद्यातल्या एका वस्तूला कधी हात लावायला मिळाला नाही. आता कुठंय तो?"

"शेठच्या पोटमाळ्यावर. धूळ खातोय."

काका उठले आणि चपला शोधू लागले. सोनियाची आई सुषमाकाकू पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर येतात तो काका दारात.

"अहो, निघालात कुठे? पोराला हो की नाही, ते तरी सांगा!"

"जावईबापू, चला लवकर," काका जिन्यातून ओरडले. "मला त्याच्यावर बसायचंय."