अहो, बसलाय तो!

दाजींचं नाक चारचौघांत कापायचं, एवढ्यासाठी मी कुत्री शिकवायला शिकले. लोक विचारतात, तुम्हाला ही आवड कशी लागली, तेव्हा मी मुक्या जीवांच्या प्रेमाबद्दल दोन गोड वाक्यं बोलते. ती खोटी नाहीत, पण त्यांच्यामुळे कुणी नोकरी सोडत नाही. मी सोडली ती रागापायी.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. शहराच्या कडेला त्यांची कुत्र्यांची शाळा, म्हणजे तारेच्या कुंपणाचं मैदान, आत पत्र्याची शेड आणि फाटकावर पाटी : ‘तीन आठवड्यांत शिस्त’. सगळे त्यांना कमांडर म्हणत. सैन्यात ते कधीच नव्हते. मिशा होत्या, तेवढ्यावर भागलं. माझी कुत्री बटण तेव्हा वर्षाची होती, पांढरी, येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावर उड्या मारणारी. ताई म्हणाली, ‘‘अगं, घरचे दाजी असताना बाहेर कशाला विचारत फिरतेस?’’ म्हणून मी बटणला स्वतःच्या हातांनी तिथं नेऊन सोडलं.

तीन आठवड्यांनी ती शिकूनच परत आली. उडी नाही, भुंकणं नाही. ‘थांब’ म्हटलं की जागच्या जागी खिळायची. मी कपाटावरचा डबा काढायला हात वर केला तरी तिच्या पायाखाली ओलं व्हायचं. दाजी म्हणाले, ‘‘होईल सवय.’’ मलाही वाटलं, होईल. हे माझं पाप, ते मी कुणावर ढकलत नाही.

दोन महिन्यांनी एका सकाळी आम्ही दोघी रस्ता ओलांडत होतो. निम्म्यात आलो तेवढ्यात वळणावरून टेम्पो आला. पलीकडच्या फुटपाथवरचा माणूस टेम्पोवाल्यावर ओरडला, ‘‘थांब! ए, थांब!’’ टेम्पो थांबला नाही. बटण थांबली. मी पट्टा ओढला तर तिनं चारही पाय रोवले. माझ्या हातात नुसता पट्टा राहिला.

संध्याकाळी दाजी भेटायला आले. खुर्चीत नीट टेकून बसले, चहा घेतला आणि म्हणाले, ‘‘वाईट झालं. पण एक बघ, धाकटे, शेवटपर्यंत हुकूम पाळला ना?’’ त्यांच्या आवाजात अभिमान होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती अजून पुरती उतरलेली नाही.

मी तेव्हा दातांच्या दवाखान्यात नावं पुकारायचं काम करायचे. महिनाभरात राजीनामा दिला आणि दुसऱ्या शहरात एका बाईंकडे शिकायला गेले. त्यांना सगळे टिकटिकबाई म्हणत, कारण त्यांच्या मुठीत सतत क्लिकर असे. दाबला की टिक असा आवाज करणारी ती एक डबी. कुत्र्यानं हवी ती गोष्ट केली की त्याच क्षणी टिक, आणि लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. मारायचं नाही, ओरडायचं नाही, ओढायचंही नाही. जे हवंय ते झालं की सांगायचं, एवढंच. ऐकायला पोरखेळ वाटतो. पहिला आठवडा मी कुत्र्याला हातही लावला नाही. बाई चेंडू टाकायच्या, तो जमिनीला टेकेल त्या क्षणी मी टिक करायचं. उशीर झाला की म्हणायच्या, ‘‘आता तुम्ही चेंडूला उडी मारायला शिकवलंत.’’ मग एके दिवशी त्यांनी मलाच कुत्रं केलं. खोलीत फिरायचं, आणि बाईंना माझ्याकडून काय हवंय ते नुसत्या टिकटिकीवरून ओळखायचं. वीस मिनिटं मी खुर्च्या हलवल्या, पडदे ओढले, शेवटी वैतागून कपाळाला हात लावला. टिक. तेच हवं होतं त्यांना. मला हसू आलं आणि लगेच बटण आठवून रडू आलं.

‘बस’ या शब्दाची गोम मला त्यांनीच दाखवली. ‘‘तुमचे ते मेहुणे कुत्र्याला खाली बसवायला काय म्हणतात?’’

‘‘बस.’’

‘‘आणि भुंकणं पुरे झालं, हे सांगायला?’’

 दाजी तेव्हाही ‘बस!’ असंच ओरडायचे. बिचारं कुत्रं ऐकताक्षणी बसायचं आणि बसल्याबसल्या भुंकायचं. मग त्याला पट्ट्याचा मार. सांगितलेलं केलं म्हणूनच मार. मी ही गोष्ट वहीत लिहून ठेवली, दुधाचा रतीब लिहावा तशी.

निघताना बाई म्हणाल्या, ‘‘हात फार चांगला आहे तुमचा. पण शिकवताना तुम्ही कुत्र्याकडे बघत नाही. त्याच्या पलीकडे कुणीतरी उभं असतं, त्याच्याकडे बघता.’’ मी हो म्हणाले. खोटं कशाला बोलू?

परत येऊन मी दाजींच्या फाटकासमोरचाच गाळा घेतला. दुसरीकडे जागा नव्हती असं नाही. पाटी लावली : ‘न मारता शिकवतो’. दाजींनी ती वाचली, मिशीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘‘धाकटे, कुत्र्यांना खाऊ घालून शाळा चालत नाही. पंगत चालते.’’ त्यांची माणसं खो खो हसली. वर्षभरात त्यातल्या दोघांनी आपली कुत्री माझ्याकडे आणली. दाजींनी शिकवून परत केलेली, पलंगाखालून बाहेर न येणारी कुत्री माझ्याकडे येत, आणि दोन महिन्यांनी दाजींच्या फाटकासमोरून शेपटी हलवत जात. मी मुद्दाम तिथूनच फिरवून आणायचे त्यांना.

पण गिऱ्हाईक पळवून माझं पोट भरलं नाही. मला दाजींचा तो आवाज हवा होता, अभिमानाचा, आणि तो भर मैदानात फुटायला हवा होता.

संधी ताईनंच आणून दिली. दाजींचा स्वतःचा कुत्रा होता, सरदार. सहा वर्षांचा, काळाभोर, दर वर्षीच्या प्रात्यक्षिकाला दोनशे माणसांपुढे तोच सगळ्या करामती करून दाखवायचा. ताई एका दुपारी त्याला घेऊन माझ्याकडे आली. दाजी मंगळवार-शुक्रवार बाहेरगावी शिकवणीला जात.

‘‘जेवत नाही गं हा,’’ ती म्हणाली. ‘‘यांची चप्पल वाजली की मोरीत जाऊन बसतो. तुझ्या पद्धतीनं याची भीती तेवढी घालव. यांना सांगू नकोस.’’

सरदार भिंतीला अंग घासत उभा होता. मी सहज हात उचलला तर त्याची मान झटक्यात डावीकडे वळली आणि डोळे मिटले. सहा वर्षांत एवढी एक कला त्यानं स्वतःहून कमावली होती.

त्या मानेकडे बघताना मला सगळं सुचलं.

मी बाईंना फोन केला. नावं न घेता विचारलं, असं असं कुत्रं आहे, उगारलेल्या हाताची भीती घालवू का? त्या म्हणाल्या, ‘‘मार थांबलाय?’’

‘‘थांबेल.’’

‘‘थांबेल नाही, थांबलाय का? तो थांबल्याशिवाय भीतीला हात लावायचा नाही. तोवर तेवढीच एक गोष्ट त्याच्या उपयोगाची असते.’’

हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. मी तो नव्या शिकाऊंना रोज सांगते. त्या दिवशी फोन ठेवला आणि चिकन उकडायला टाकलं.

सात आठवडे. आधी हात कमरेपर्यंत, टिक, तुकडा. मग खांद्यापर्यंत. मग डोक्यावर. मग हातात पट्टा. मग दाजींसारखा घसा खरवडून ‘बस!’. मी दाजींची इतकी हुबेहूब नक्कल करू लागले की शेजारचा शिंपी एकदा दारातून डोकावून गेला. पाचव्या आठवड्यात सरदारची मान वळायची थांबली. सातव्यात मी पट्टा उगारून ओरडले की तो धावत समोर यायचा, झोकात बसायचा, तोंड वर करून टकामका बघायचा आणि आनंदानं भुंकायचा. जगातला सगळ्यात चांगला शब्द ‘बस’ आणि सगळ्यात चांगली वस्तू उगारलेला हात. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘‘किती सुखी दिसतो गं!’’ ती म्हणाली.

मी काय हिशेब केला होता तेही सांगते. दाजी चारचौघांत कधी मारत नसत. मार शेडमध्ये, पत्र्याआड. मैदानात नुसता हात उगारायचा, तेवढ्यावर कुत्रं सरळ व्हायचं. म्हणजे मैदानात त्यांच्याकडे होती ती फक्त धमकी, आणि तीच मी काढून घेतली होती. दोनशे माणसांपुढे ते हात वर करून वेड्यासारखे उभे राहतील. बस्स, एवढंच मला बघायचं होतं.

प्रात्यक्षिकाला मी पहिल्या रांगेत बसले. दाजी मिशांना तेल लावून आले. सुरुवातीच्या करामती सरदारनं केल्या. मग एका पाहुण्याचं पोरगं हसलं आणि सरदार भुंकला. भीती गेलेलं कुत्रं भुंकतंच.

‘‘बस!’’ दाजी म्हणाले.

सरदार बसला. झोकात. आणि भुंकत राहिला.

‘‘बस म्हटलं ना!’’ त्यांनी पट्टा धरलेला हात उगारला. सरदारची शेपटी जमिनीवर सपासप आपटू लागली. तो सरकून आणखी जवळ आला आणि आणखी जोरात भुंकला.

‘‘बस! बस!!’’

मागून कुणीतरी ओरडलं, ‘‘अहो, बसलाय तो!’’

सगळं मैदान हसलं. दोनशे माणसं. बायका, म्हातारे, ज्यांनी दाजींना कमांडर म्हणत दिवस काढले ते सगळे. पुन्हा कुणीतरी म्हणालं, ‘‘कमांडर, आता तुम्हीच बसा!’’ आणि मीही हसले. तीन वर्षांत इतकी मोकळी हसले नव्हते. दाजींचं तोंड लाल झालं, मग पांढरं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मला हसताना बघितलं, आणि तो हात खाली आला.

पट्ट्याच्या टोकाला पितळी कडी होती. सरदार तोंड वर करून वाट बघत होता. त्याची मान तसूभरही हलली नाही.

हसू एकदम थांबलं. नंतर जो आरडाओरडा झाला, लोकांनी दाजींना घेरलं, एकानं फाटकावरची पाटी उपटली, ते सगळं मी पाठमोरी ऐकलं, कारण मी सरदारला उचलत होते. तो विव्हळत होता आणि माझ्या मुठीत तुकडा शोधत होता.

जनावरांच्या दवाखान्यात आम्ही सगळेच होतो. सरदार टेबलावर, ताई त्याच्या पायाशी, दाजी भिंतीला टेकून. त्यांच्या सदऱ्याची बटणं तुटली होती. डॉक्टरीणबाईंनी डोळा तपासला आणि म्हणाल्या, उजवा काढावा लागेल. मग म्हणाल्या, ‘‘असा अगदी समोरून फटका बसलाय. यानं मान कशी नाही वळवली?’’

‘‘वळवायचा हो,’’ दाजी म्हणाले. त्यांना खरंच कोडं पडलं होतं. ‘‘नेहमी वळवायचा. सहा वर्षांत एकदाही तोंडावर बसला नाही त्याच्या.’’

ताईनं माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत आधी प्रश्न होता, मग तो राहिला नाही. ‘‘सांग त्यांना,’’ ती म्हणाली.

दाजींची पाटी गेली होती, शाळा गेली होती, उद्या ते रस्त्यानं निघाले तर पोरं ‘बसलाय तो’ म्हणून ओरडणार होती. मला हवं होतं ते सगळं झालं होतं, आणि त्या क्षणीसुद्धा त्यांची मला दया येत नव्हती. तरी मी सांगितलं.

‘‘मी शिकवलं त्याला. हात उगारला की मान वळवायची नाही म्हणून.’’

मला वाटलं, अंगावर धावून येतील. यावं असंही वाटलं. पण ते नुसते बघत राहिले, आधी माझ्याकडे, मग सरदारकडे, आणि एक शिकवणारा दुसऱ्याला विचारतो तसं त्यांनी विचारलं, ‘‘किती दिवसांत?’’

‘‘सात आठवड्यांत.’’

त्यांनी मान हलवली. ‘‘पक्कं शिकवलंस,’’ ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता.

डॉक्टरीणबाई सुई भरत होत्या. ‘‘डोकं धरा कुणीतरी,’’ त्या म्हणाल्या, ‘‘हलता कामा नये.’’ एका बाजूनं दाजींनी धरलं आणि दुसऱ्या बाजूनं मी.