शेजारची फाइल

"आकडा तर बरोबर लिहिलाय, एजे," नुरझात वैतागून म्हणाला, "पण भट्टी जुन्याच आकड्याला पेटतेय. भुताटकी आहे झालं!"

"भुतं पगार मागत नाहीत. कुठली फाइल कुठून उचलली, ते कंपायलरला छापायला लाव," बुरुल म्हणाली. वयाने मोठी म्हणून तो तिला एजे, म्हणजे ताई, म्हणे.

बिश्केकमधल्या त्या कचेरीत काचघरं तापवणाऱ्या भट्ट्यांचे प्रोग्राम लिहीत. किती थंडीला भट्टी पेटवायची, तो आकडा एका सामायिक फाइलीत असे. प्रत्येक प्रोग्राम ती नाव घेऊन मागवी. मात्र नाव दुहेरी अवतरणात असलं, की कंपायलर, म्हणजे फाइली जोडून चालता प्रोग्राम बनवणारं साधन, आधी मागणाऱ्याच्याच फोल्डरात डोकावतो. तिथे मिळाली, की पुढे जायचे कष्ट घेत नाही.

पडद्यावर पत्ता उमटला. बुरुलचंच फोल्डर. चाचणीपुरती ठेवलेली, त्याच नावाची जुनी प्रत.

"शेजारी मीठ मिळालं तर बाजारात कोण जातं!" नुरझात हसला.

बुरुलला हसू आलं नाही. गेल्या हिवाळ्यात भट्टी वेळेवर न पेटल्याने एका गिऱ्हाइकाची टोमॅटोची रोपं गोठून काळी पडली होती. "आकडा मी केव्हाच बदललाय," म्हणत तिलेकने सामायिक फाइल उघडून दाखवली होती. कचेरीतला सगळ्यांत जुना माणूस. "आत्ता येऊन बदललात! या वयात खोटं शोभतं का, बायके?" थोरल्या भावाला म्हणतात तसं बायके म्हणतच बुरुलने चारचौघांत सुनावलं. त्याने टोपी उचलली नि तो गेला, तो गेलाच. कुणाच्या नावावर काय मांडायचं, हे बुरुल चटकन ठरवी. मांडलेलं खोडायला मात्र ती शिकली नव्हती.

दुपारी ती त्याच्या घरी गेली. तो अंगणात कुणाचं तरी धुलाईयंत्र खोलून बसला होता.

"बायके, चूक माझ्या फोल्डरात होती."

"जवळची प्रत ना? घरी आल्यावर सुचलं मला."

"मग फोन नाही करायचा?"

"तू ऐकून घेणारी बाई!" त्याने स्क्रू तोंडातून काढला. "कंपायलर बिचारा जवळ सापडेल त्यावर विश्वास टाकतो. इतकी वर्षं तुझ्या शेजारी मी बसलो होतो, पोरी."

"परत या. सगळ्यांसमोर माफी मागते."

"माग. ती मला हवी आहे. पण मी येणार नाही."

ती फाटकाकडे वळली.

"थांब. अशी नाही जायचं."

तो घरातून गोल नान घेऊन आला. भांडण असो, वैर असो, किर्गिझ घरात नानची चव घेतल्याशिवाय दारातून कुणाला जाऊ देत नाहीत. बुरुलने कडेचा तुकडा तोडला. तिलेकने मान हलवली आणि आवाज होऊ न देता फाटक लावून घेतलं.

घास चावत ती रस्त्यावर उभी राहिली. आत यंत्र सुरू झालं होतं.