खुराकाची बिलं

पलूसच्या मानसिंग या गुळाच्या व्यापाऱ्यानं सांगलीच्या दप्तरदार वकिलांपुढं दूध-बदामाची बिलं टाकली. पैलवान पोराचा खुराक त्याला औषधोपचार म्हणून आयकरातून वजा हवा होता.

वकिलांचं डोकं सणकलं. "पैलवानकी हा काय आजार आहे? पोरालाच उभा करा इथं!"

"कुठनं आणू? कुस्तीत मान मोडली. दोन वर्सं झाली त्येला जाऊन."

वकिलांनी बिलं पुन्हा पाहिली. सगळी याच वर्षाची होती.

"मग दूध पितं कोण?"

मानसिंगनं पिशवीतनं रिकामा तांब्या काढला. "सांजला तालमीत भरून ठेवतो, सकाळी असा मिळतो."

तांब्यावर तालमीच्या तांबड्या मातीची बोटं उमटली होती, अजून ओली.

"औषधच हाय ह्ये, साहेब. एकदाच बंद केलं, तर त्यो जेवायला घरी आला."