चित्राचे वर्णन

“दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत एक बाई उभी आहे,” संगणकाने सपाट आवाजात वाचले. साहेबांनी यंत्र थांबवले.

“हे वाक्य तुम्ही ठेवलंत?”

“कुठलं, साहेब?” नव्या टायपिस्टने विचारले.

साहेबांना दिसत नव्हते. कार्यालयातला कागद न् कागद त्यांना संगणक वाचून दाखवी. म्हणून कामावर आल्यापासून तिने हाताला वळण लावून घेतले होते. शीर्षक नुसते ठळक करून भागत नाही, त्याला शीर्षकाची स्टाइल द्यायची. चित्र आले की त्याचे वर्णन आत लिहायचे; ते पानावर दिसत नाही, फक्त संगणक वाचतो. टेम्प्लेट, म्हणजे पत्रांचे तयार नमुने, मात्र सगळे आधीच्या टायपिस्टबाईंचे. त्या दोन महिन्यांपूर्वी वारल्या होत्या. पत्राच्या माथ्यावर कार्यालयाच्या इमारतीचा फोटो होता आणि हे वाक्य त्याच्या वर्णनात होते. डोळसांपैकी कोणाला ते कधी दिसलेच नव्हते.

तिने फोटो मोठा करून पाहिला. खिडकी बंद होती.

“कोणी नाहीये, साहेब. काढून टाकते.”

दुपारच्या परिपत्रकात ते पुन्हा आले. पत्रातून पुसले तरी मूळ टेम्प्लेटमध्ये ते होतेच. तिने एकेक टेम्प्लेट उघडले. आदेशात बाई उभी होती, सूचनेतही. शोकसंदेशाच्या टेम्प्लेटमध्ये लिहिले होते, ‘खिडकीत आता कोणी नाही.’ शेवटचा बदल, बाईंच्या कामाच्या शेवटच्या दिवशी.

तिने शिपायाला दुसऱ्या मजल्याच्या त्या खिडकीबद्दल विचारले.

“ती अडगळीची खोली? पंधरा वर्षं कुलूप आहे. किल्ली माझ्याकडेच असते.”

तिने सगळे साहेबांना सांगितले.

“ते वाक्य ऐकून अकरा वर्षं घरी जाताना मी फाटकापाशी थांबून तिकडं हात करायचो,” ते म्हणाले. “म्हटलं, आपल्या टायपिस्टबाईच बघत असतील. असो. टेम्प्लेट नीट करून टाका.”

तिने लिहिले, ‘कार्यालयाची इमारत. खिडकी बंद आहे.’

साडेपाचला किल्ली मागून ती वर गेली. जमिनीवर बोटभर धूळ. तिच्या चपलांखेरीज दुसरा ठसा नव्हता. काचेवर मात्र आतून, चेहऱ्याएवढा एक गोल लख्ख पुसलेला होता.

तिने त्यातून खाली पाहिले. साहेब फाटकापाशी थांबले होते. त्यांचा हात अर्धा वर आला, मग कॉलरकडे वळला. त्यांनी कॉलर सारखी केली आणि काठी टेकत ते निघून गेले.