दुसऱ्या बाजूचा ब्रेक

तिने मांडीवरच्या लॅपटॉपवर एक बटण दाबलं आणि बॉनेटखालचा पंप घूं करत जागा झाला.

"हं, आता वळवा."

सरांनी उजव्या हाताने स्टिअरिंग ओढलं. डावा हात मदतीला आला, पण पाहुण्यासारखा, नुसता टेकून राहिला. गाडी जागेवरच उभी होती. पुढची चाकं कुरकुरत पूर्ण वळली, तेव्हा सरांच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर विजय.

"कालच्यापेक्षा हलकं गेलं की नाही? चेंडूचा गुण आहे हा."

चेंडू म्हणजे डॉक्टरांनी व्यायामाला दिलेला रबरी चेंडू. अर्धांगाचा झटका हलकाच होता, पण जाताना डाव्या हाताला आळस लावून गेला. तेव्हापासून सर जेवणाखेरीज सगळा वेळ तो चेंडू दाबत बसायचे.

सर म्हणजे तिचे सासरे. त्याआधी तिला गाडी शिकवणारे. लग्नानंतर तिने 'बाबा' म्हणून पाहिलं, पण तोंडात 'सर'च बसलं होतं. अख्खी गल्ली त्यांना सर म्हणायची, कारण अख्ख्या गल्लीला क्लच कसा सोडायचा ते त्यांनीच शिकवलं होतं, आणि तेही याच गाडीत. शेजारच्या सीटसमोर शिकवणाऱ्यासाठी बसवलेला जादा ब्रेक अजून तसाच होता.

जुनं इंजिन गेलं तेव्हा सगळे म्हणाले, भंगारात द्या. तिने मात्र दुसऱ्या गाडीचं इंजिन आणून बसवलं. गॅरेज तिचं स्वतःचं होतं आणि हट्ट सासऱ्यांच्या तोडीचा. नव्या इंजिनाशेजारी स्टिअरिंग हलकं करणाऱ्या पंपाला जागाच उरली नाही, म्हणून तिने तिसऱ्याच गाडीतला, विजेवर चालणारा पंप शोधला. तो पंपही मानी निघाला. आपल्या मूळ गाडीकडून निरोप आल्याशिवाय एकाच सुरात, अर्ध्या मनाने फिरत राहायचा. मग तिने इंजिनासाठी बाहेरून घेतलेल्या कॉम्प्युटरला त्या पंपाची भाषा शिकवली. इंजिन चालू झालंय, वेग इतका आहे, हे तो आता पंपाला कळवायचा. गाडी उभी असली की पंप जोर लावणार, वेग वाढला की हात आखडता घेणार. असं डोकं चालवणारी माणसं थोडी, आणि ते चालवून गप्प बसणारी त्याहून थोडी.

घरात मात्र वेगळाच खल चालू होता. तिच्या नवऱ्याने वडिलांना सरळ सांगून टाकलं होतं.

"फाटकातून एकट्याने गाडी आत घेता आली तर ठेवू. नाहीतर रविवारी गिऱ्हाईक येतंय."

त्याचंही चुकत नव्हतं. गल्ली अरुंद होती, आणि फाटकाशी जवळजवळ उभ्या गाडीचं स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावं लागे. ती रोज सकाळी लॅपटॉपवर पंपाचा उभ्या गाडीसाठीचा जोर एका आकड्याने वाढवायची. रोज सरांचा हात सुधारायचा. रोज सर चेंडूचं कौतुक करायचे, आणि ती मान डोलवायची.

शनिवारी दोघं गोदामांमागच्या मोकळ्या मैदानात गेले. सरांनी दोन मोठे फेरे मारले. गाडी हातात होती, रस्त्याचा प्रत्येक खड्डा कळत होता. तिला मनापासून आनंद झाला.

"आता पंप बंद कर," सर म्हणाले.

"म्हणजे थांबल्यावर?"

"चालत्या गाडीत."

"सर, फार जड होईल."

"ते मलाही कळतं. म्हणून तर सांगतोय." त्यांची नजर समोरच होती. "अगं, चेंडूने सुधारलेला हात सगळीकडे सुधारायला नको? माझा फक्त फाटकापाशी सुधारतो. मोकळ्या रस्त्यावर होता तेवढाच आहे."

तिचे कान तापले.

"कधी कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी. तू बसलीयस ना, तिथेच बसून मी जन्मभर हेच केलं. पोरं म्हणायची, सर, बघा कशी अलगद थांबवली! मी म्हणायचो, वा, छान! ब्रेकवर पाय माझा."

"माझ्या वेळीही?"

"तुझ्या वेळी जरा जास्तच."

तिला हसू आलं, पण सर हसत नव्हते.

"पण रस्त्यावर सोडायच्या आधी मी पाय काढून बघायचो. तू बघितलं नाहीस. उद्या वळणावर हा पंप बंद पडला, तर?"

पंपाला काय काय सांगायचं याचा तिने इतका विचार केला होता, की तो गप्प बसला तर काय, हे राहूनच गेलं होतं. सरांनी वेग कमी केला. तिने बटण दाबलं.

घूं थांबली. स्टिअरिंग दगड झालं. सरांचा डावा हात वर आला, आणि या वेळी टेकला नाही, त्याने धरलं. बोटं पांढरी पडली. गाडी हळूहळू, कण्हतकण्हत, पण जिथे सांगितलं तिथेच वळली आणि कडेला येऊन उभी राहिली.

सर तिच्याकडे वळले.

"पाय कुठे होता तुझा?"

"ब्रेकवर."

"दाबावा लागला?"

"नाही."

"मग कर चालू. मदत घ्यायला माझी ना नाही. फक्त मला ठाऊक असू दे."

घरी परतले तेव्हा तिचा नवरा फाटक उघडून, हाताची घडी घालून उभा होता. सरांनी गाडी फाटकासमोर आणून थांबवली. पंप भरपूर जोरात गुणगुणत होता.

तिने लॅपटॉप मिटून मागच्या सीटवर टाकला. मग चपला काढल्या आणि दोन्ही पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली. शिकवणीच्या शेवटच्या दिवशी सर अशीच मांडी घालून बसायचे, म्हणजे शिकणाऱ्याला दिसावं, की ब्रेकवर आता कुणाचाच पाय नाही.

सरांनी तिच्या पायांकडे पाहिलं. डावा हात उचलून स्टिअरिंगवर ठेवला.

"आरसा बघा," ती म्हणाली.

"बघितला," सर म्हणाले, आणि त्यांनी अलगद क्लच सोडला.