करकर माझी नव्हे

हुश्श! आता बोलते निवांत. मी तीन पायऱ्यांची लाकडी घडवंची. गेले तीन आठवडे माझा जीव टांगणीला लागला होता. शनिवारी तो भांड्यात पडला, म्हणून आज बोलायला सुचतंय.

माझा जन्म एका फोटो स्टुडिओसाठी झाला. मोठ्या ग्रुपफोटोत मागच्यांची डोकी दिसावीत म्हणून मालकांनी मला सुताराकडून करवून घेतलं. फूटभर उंचीच्या पायऱ्या, ऐसपैस फळ्या आणि मधोमध कड्या, म्हणजे दोन तुकडे करून कुठेही नेता येईल. माझ्यावर शाळेतले वर्ग उभे राहिले, निवृत्त होणारे साहेब उभे राहिले, अख्खी कुटुंबं उभी राहिली. माणसांचे चेहरे मला कधी धड दिसले नाहीत. मी त्यांना पायांवरून ओळखते. नवे बूट चावत असले की माणूस टाच उचलून धरतो. शेजारच्याशी बोलणं बंद असलं की पाऊल चार बोटं लांब ठेवतो. फोटोत मात्र सगळे गोड हसायचे.

पुढे माणसं हात लांब करून स्वतःचे फोटो स्वतःच काढायला लागली. स्टुडिओला कुलूप लागलं आणि मी मागच्या खोलीत पडून राहिले. अंगावर रंगाचे डबे आणि एक मोडका पंखा. सात वर्षं कुणी माझ्यावर पाय ठेवला नाही. पाय पडावेत म्हणून झुरणारी माझ्यासारखी मीच!

एक दिवस मालकांच्या थोरल्या बहीणबाई आल्या. त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. आयुष्यभर शाळेत गाणं शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून त्यांनी गायनमंडळ काढलं. त्यांनी पंखा उचलून बाजूला ठेवला, पदरानं माझी धूळ पुसली आणि भावाला म्हणाल्या, "ही मला हवी. आणि नको म्हणालास तरी नेणारच आहे."

तेव्हापासून मी मंडळाची. तेवीस जण आहेत. गाणं शिकलेलं त्यात कुणीच नाही. औषधाच्या दुकानातल्या एक ताई आहेत, त्यांचा आवाज इतका उंच चढतो की सगळे त्यांना 'सायरन' म्हणतात. एक बेकरीवाले आहेत, त्यांच्या बुटांतून कायम पिठी झडते. आणि मधल्या पायरीवर, डावीकडे अगदी कडेला, पोस्टमनकाका. त्यांचा खर्जातला आवाज लागला की माझ्या फळ्यांना गुदगुल्या होतात.

बाईंचा नियम एकच: गायचं ते उभं राहून, ताठ. "माणूस बसला की आवाजही बसतो," असं त्या म्हणायच्या. पुढे कुणाची बोलायची हिंमत नसायची.

दरवर्षी कार्यक्रमांचा हंगाम जवळ आला की बाई तालमीच्या हॉलच्या भिंतीवर एक मोठा कागद चिकटवतात. यंदा त्यावर चार चौकोन होते. आधी वाचनालय, मग रुग्णालयाचं अंगण, मग शाळेचं मैदान आणि शेवटी नाट्यगृह, तेही दीड तासाचं, मध्यंतराशिवाय. कोणतं गाणं कुठे, यावर नेहमीप्रमाणे भांडाभांडी झाली. सायरनताईंना सगळीकडे चढी गाणी हवी होती, बेकरीवाल्यांना छोटी. एका गाण्यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. ते संथ गाणं आहे. शेवटच्या कडव्याआधी त्यात चार मात्रांचा विराम येतो. सगळं चिडीचूप होतं आणि मग तेवीस गळे एकदम उठतात. ते चारही कार्यक्रमांत घ्यायचं ठरलं.

पहिल्याच तालमीला विराम आला आणि त्या शांततेत आवाज झाला, "कर्र!"

बाईंनी हात खाली घेतला. "कोण ते?"

सगळ्यांनी खाली माझ्याकडे बघितलं. पुन्हा गाणं, पुन्हा विराम, पुन्हा कर्र. असं दोन आठवडे चाललं.

"ही घडवंचीच आता म्हातारी झालीय," सायरनताई म्हणाल्या. "लोखंडी करून घेऊ. हिचं सरपण करा."

"सुताराला दाखवते एकदा," बाई म्हणाल्या. "तो जर म्हणाला की गेली, तर गेली. गाणं काही मी सोडणार नाही."

करकरत होते मीच, ते खरं. पण करकरायला कोण लावत होतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी पोस्टमनकाका एकटेच आले. हॉलची किल्ली त्यांच्याकडे असते. खिडक्या उघडल्या, झाडू मारला आणि माझ्या खालच्या पायरीवर हळूच टेकले. डावा पाय लांब केला आणि गुडघा चोळत बसले.

"तुझ्यावर उगाच आळ आलाय गं," ते म्हणाले. "करकर माझी आहे. तीस वर्षं जिने चढलो, त्याचा हा गुडघा. दोन गाणी झाली की वजन दुसऱ्या पायावर टाकावंच लागतं."

पाय जवळ ओढून घेतला. मग म्हणाले, "शनिवारी बाईंना सांगून टाकतो, की मी थांबतो. मी उतरलो की तू वाजणार नाहीस. तू राहा, गाणंही राहू दे. मला काय... घरी ही गेल्यापासून बोलायला कुणी नाही. आठवड्यातून दोनदा इथे तोंड उघडायचो, तेवढंच."

अहो काका, तुमच्या एकट्याची नाही हो ती! मला ओरडून सांगावंसं वाटलं. तेवीसच्या तेवीस जणांचे पाय मला ठाऊक होते. सायरनताईंच्या टाचा, बेकरीवाल्यांची कंबर, सगळं. विराम आला रे आला की सगळे एकदम या पायावरून त्या पायावर जायचे आणि जो तो समजायचा की आपणच तेवढे. पण मला कुठलं तोंड? हा भला माणूस माझ्यासाठी उतरायला निघाला होता. त्यापेक्षा माझं सरपण झालं असतं तरी चाललं असतं, अगदी मनापासून सांगते.

शनिवार उजाडला. काका आले, आपल्या जागेवर उभे राहिले आणि घसा खाकरून म्हणाले, "बाई, मला जरा बोलायचंय."

"नंतर बोला. आधी हे उरकू दे," बाई म्हणाल्या. दारात सुतारमामा उभे होते, कानावर पेन्सिल आणि चेहऱ्यावर वैताग.

मामांनी माझा सांधा न् सांधा ठोकून पाहिला. वरच्या पायरीवर जाऊन उड्या मारल्या. "ठणठणीत आहे की! असं लाकूड आता बघायला मिळत नाही."

"मग ही वाजते कशानं?"

"गा बघू. मी खाली शिरतो."

हातात बॅटरी घेऊन मामा माझ्या पोटाखाली गेले. गाणं सुरू झालं. विराम आला. कर्र! मामा बाहेर आले ते जाळी-जळमटं घेऊनच.

"बाई, हिला काहीही झालेलं नाही. फळी एका ठिकाणी नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत हलतेय. तुमची माणसं दमलीयत. गाणं थांबलं की त्यांना पाय आठवतात."

काकांनी हात वर केला. "बाई, ते मीच. माझा गुडघा. मी मंडळातून..."

"काय बोलताय काका!" सायरनताई मधेच म्हणाल्या. "माझ्या टाचा आहेत त्या. मला वाटायचं, कळलं तर बाई काढून टाकतील."

"टाचा कसल्या, माझी कंबर आहे," बेकरीवाले म्हणाले.

मग काय, बांधच फुटला. पोटऱ्या, घोटे, पाठी, एकेक बाहेर यायला लागलं. करकर नक्की कुणाची यावरून वरच्या पायरीवर दोघांची जुंपलीसुद्धा. काका तोंड उघडं ठेवून सगळ्यांकडे बघत राहिले. त्यांचं 'मंडळातून'च्या पुढचं वाक्य तसंच राहिलं.

मग बाईंनी वह्यांचा स्टँड बाजूला सरकवला. त्या अनवाणी उभ्या होत्या.

"मागच्या वर्षापासून चपला काढून उभी राहते," त्या म्हणाल्या. "स्टँडच्या आड दिसत नाही म्हणून बरं."

आधी सायरनताईंना हसू फुटलं, मग सगळ्यांना. मामांनी माझ्या फळीवर थाप मारली. "पायरी फूटभर उंच, फळी ऐसपैस. बसायला काय धाड भरलीय?"

बाईंनी कागदावर चारही चौकोन नव्यानं मांडले. चढी गाणी उभ्यानं, संथ गाणी बसून. मग तेवीस जण माझ्यावर टेकले, मागच्यांचे गुडघे पुढच्यांच्या पाठीला लागले आणि ते गाणं सुरू झालं. विराम आला. चार मात्रा गेल्या, माझ्यातून हूं की चूं नाही. आणि काकांचा खर्ज असा उठला की बाईंचा हात हवेत तसाच राहिला.

उद्या वाचनालयात पहिला कार्यक्रम. मला दोन तुकड्यांत टेम्पोत चढवलंय आणि मी आडवी पडून वाट बघतेय. तुम्ही जरूर या. माणसं गाता गाता खाली बसली, तर दमली म्हणून हसू नका. आणि गाणं आवडलं, मंडळात यावंसं वाटलं, तर बाईंना विचारा. खालच्या पायरीवर दाटीवाटीनं जागा होईल. मधल्या पायरीवरची डावीकडची कडेची जागा मात्र मागू नका. ती भरलेली आहे.